स्क्रीन रीडरने वाचताना जागा हरवू नये म्हणून

प्रश्न असा आहे: एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे स्क्रीन रीडर वापरते: लॅपटॉपवर एनव्हीडीए आणि फोनवर टॉकबॅक. तिला चारशे-पाचशे पानांच्या फाइली वाचाव्या लागतात. मध्येच फोन आला, फाइल बंद झाली किंवा तळटीप बघायला गेलं, की आपण कुठे होतो ते तिला सापडत नाही. वर्गात सर ‘पान ४७ काढा’ म्हणतात, तेव्हा तिच्या फाइलमध्ये ४७ वर भलताच मजकूर निघतो. तिने लिहिलंय, ‘ऐकलेलंच पुन्हा ऐकण्यात माझा बराच वेळ जातो. यावर खात्रीचा उपाय आहे का?’

आहे. आणि तो कुठल्याही एका सॉफ्टवेअरवर अवलंबून नाही. जागा मजकुरातल्या शब्दांनी धरून ठेवायची. पानाचा आकडा, टक्के, बुकमार्क, कर्सरची आठवण हे सगळं जरूर वापरा, पण भरवसा ठेवा तो जिथे थांबलात तिथल्या सहा-सात शब्दांवर.

कारण साधं आहे. पानाचा आकडा हा मांडणीचा गुण आहे. वर्डची फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली आणि तिथे तो देवनागरी फॉन्ट नसला, की ओळी वेगळ्या तुटतात आणि ४७वं पान ४९वं होतं. टक्केवारी फाइलच्या लांबीवरून निघते. सरांनी सुरुवातीला दोन पानं वाढवून नवी प्रत पाठवली की तुमचे ४३ टक्के मागच्या कलमावर सरकतात. कर्सरची आठवण तर फाइल आणि ती उघडणारा प्रोग्रॅम यांच्यातला खासगी व्यवहार आहे. प्रोग्रॅम बदलला की ती गेली. शब्द मात्र वर्डमध्ये, पीडीएफमध्ये, ईपब या ई-पुस्तकाच्या फाइलमध्ये आणि फोनवरही तेच राहतात.

डोळस माणसाला थांबलेली जागा शोधायला फारसं काही करावं लागत नाही. डावं पान, वरचा तक्ता, खालचा मोठा परिच्छेद एवढ्यावर त्याची नजर जाऊन पोचते. आपल्याला एका वेळी एकच ओळ ऐकू येते, तिच्या आजूबाजूचं काही कळत नाही. म्हणून जागा ठेवणं हे वाचनाइतकंच सवयीने करायचं काम आहे, आणि ते थांबण्याआधी करायचं असतं.

आधी थांबण्याबद्दल. एनव्हीडीएमध्ये सलग वाचन चालू असताना शिफ्ट दाबलं तर आवाज तात्पुरता थांबतो आणि पुन्हा शिफ्ट दाबलं की तिथूनच पुढे सुरू होतो. कंट्रोल दाबलं तर वाचन संपतं, कर्सर तिथे राहतो. फोन उचलायचा असेल तर कंट्रोल दाबा, कारण शिफ्टने थांबवल्यावर दुसरं एखादं बटण दाबलं गेलं की ते थांबलेलं बोलणं गेलंच. मग परत आल्यावर लगेच सलग वाचन सुरू करू नका. आधी एक ओळ वर जा, ती ऐका, मग पुढे चला. सलग वाचताना कर्सर आवाजाबरोबर सरकतो तो आवाजाच्या इंजिनाकडून ‘इथपर्यंत बोलून झालं’ असे इशारे येतात म्हणून. काही जुनी इंजिनं हे इशारे नीट देत नाहीत, आणि मग कर्सर ऐकलेल्या जागेच्या मागे किंवा पुढे राहतो. थांबल्यावर कर्सर नेहमी एक-दोन ओळी चुकीचा सापडत असेल तर आवाज बदलून बघा. एनव्हीडीएबरोबर येणारा ईस्पीक कानाला कोरडा वाटतो, पण जागेच्या बाबतीत तो चोख आहे, आणि मराठीही वाचतो.

आता शब्द धरण्याची रीत. मी शिकवतो ती अशी. नोटपॅडची एक फाइल कायम उघडी ठेवायची, नाव काहीही द्या, मी ‘जागा’ देतो. वाचन थांबवायचं असलं की त्या ओळीतले सहा-सात शब्द शिफ्ट-कंट्रोल-उजवा बाण वापरून निवडायचे, कंट्रोल-सीने उचलायचे, ऑल्ट-टॅबने नोटपॅडमध्ये जायचं, एफ५ दाबायचं आणि कंट्रोल-व्हीने ते शब्द टाकायचे. नोटपॅडमध्ये एफ५ दाबलं की तारीख आणि वेळ आपोआप पडते. त्यापुढे फाइलचं नाव आणि कलमाचा किंवा प्रकरणाचा क्रमांक. कंट्रोल-एसने सेव्ह. हात बसला की याला काही क्षण लागतात. परत येताना तेच शब्द उचलून मूळ फाइलमध्ये शोधायचे. ब्राउझरमध्ये किंवा पीडीएफमध्ये त्यासाठी एनव्हीडीएचा स्वतःचा शोध वापरा: एनव्हीडीए-कंट्रोल-एफ (एनव्हीडीए बटण म्हणजे इन्सर्ट किंवा, तसं ठरवलं असेल तर, कॅप्स लॉक). पुढच्या ठिकाणासाठी एनव्हीडीए-एफ३. प्रोग्रॅमच्या कंट्रोल-एफने शोधलं तर शब्द पडद्यावर रंगवून दाखवला जातो, पण वाचनाचा कर्सर दर वेळी तिथे जाऊन बसतोच असं नाही. एनव्हीडीएच्या शोधाने तो बसतो.

शब्द निवडताना काही पथ्यं पाळावी लागतात, आणि मराठीत ती जास्तच पाळावी लागतात. शब्द एकाच ओळीतले घ्या. पीडीएफमध्ये ओळीच्या शेवटी मजकूर तुटलेला असतो, त्यामुळे अर्धं वाक्य या ओळीत आणि अर्धं पुढच्या ओळीत असलं तर शोध अनेकदा रिकामा येतो. आकडे टाळा. कारण एकाने ‘कलम १०३’ देवनागरीत टाइप केलेलं असतं, दुसऱ्याने इंग्रजी आकड्यांत, म्हणजे 103. ऐकताना दोन्ही सारखेच वाटू शकतात, पण शोधाला ती दोन वेगळी अक्षरं आहेत. ‘ॲ’ असलेले शब्द टाळा. ॲक्ट, ॲडव्होकेट यातला ‘ॲ’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या सर्वमान्य सांकेतिक पद्धतीत, एक स्वतंत्र अक्षर म्हणून आला तो २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधीपासून लोक ‘अ’ लिहून त्यावर चंद्र देत आलेत आणि अजूनही पुष्कळ कीबोर्ड तसंच लिहितात. तीच गोष्ट ‘दुसऱ्या’, ‘अधिकाऱ्याने’ यातल्या अर्ध्या ‘ऱ’ची. तो दोन प्रकारे टाइप होतो आणि एका प्रकारात मध्ये एक न दिसणारं, न ऐकू येणारं अक्षर दडलेलं असतं. कायद्याच्या मजकुरात ‘अधिकारी’ पावलोपावली येतो, म्हणून ‘अधिकाऱ्याने’ हा शब्द हाताने टाइप करून शोधू नका. उचलून चिकटवा, म्हणजे फाइलमधली अक्षरं जशी आहेत तशीच येतील. फोनवर वेगळी प्रत असेल तर सरळ ‘वाजवी मुदतीत हजर’ अशासारखे साधे शब्द घ्या.

फाइल युनिकोडमध्ये नसेल, म्हणजे श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल, तर स्क्रीन रीडरला ती रोमन अक्षरांचा गोंधळ म्हणूनच वाचता येते. तिथे जागेचा प्रश्न नंतरचा. आधी ती कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा.

ही झाली पायाची सवय. तिच्या जोडीला प्रत्येक प्रोग्रॅमची स्वतःची सोय घ्यायची.

वर्डमध्ये फाइल उघडल्यावर दुसरं काहीही न करता शिफ्ट-एफ५ दाबा. मागच्या वेळी फाइल बंद करताना काम जिथे चालू होतं तिथे कर्सर जातो. एरवी तेच बटण शेवटच्या काही दुरुस्त्यांच्या जागांवरून फिरवतं. तुम्ही नुसतं वाचत असाल तर बंद करण्याआधी तिथे एक स्पेस देऊन पुसा आणि सेव्ह करा, म्हणजे वर्डला धरायला जागा मिळते. कायमच्या खुणेसाठी कंट्रोल-शिफ्ट-एफ५ ने बुकमार्कची खिडकी उघडते. नावात स्पेस चालत नाही आणि पहिलं अक्षर आकडा नको. मी ही नावं रोमन अक्षरांतच ठेवतो. फाइल मेलवरून उतरवलेली असेल तर वर्ड ती आधी सुरक्षित अवस्थेत उघडतो. एडिटिंग सुरू करेपर्यंत बुकमार्क पडत नाही, आणि सेव्ह केल्याशिवाय तो राहत नाही. याहून सोपी रीत पुष्कळ दृष्टिहीन वकील, प्राध्यापक वापरतात: आपल्या प्रतीत थांबलेल्या जागी @@ टाइप करायचं आणि नंतर तेच शोधायचं. कायद्याच्या मजकुरात @@ येत नाही, त्यामुळे शोध थेट तिथेच जातो. शंका आलेल्या जागेला @? आणि परीक्षेआधी पुन्हा वाचायच्या जागेला @! असं वर्गीकरणही करता येतं. फक्त ही खुणांची प्रत वेगळ्या नावाने ठेवा आणि ती कुणाला पाठवू नका.

वर्डच्या फाइलला हेडिंगच्या स्टाइल लावलेल्या असतील तर एनव्हीडीए-स्पेसने ब्राउझ मोड (एकेका अक्षराच्या बटणाने मजकुरात उड्या मारता येतात ती अवस्था) सुरू करून एच दाबत पुढे जाता येतं, १ ते ६ आकड्यांनी त्या त्या पातळीच्या हेडिंगवर. एनव्हीडीए-एफ७ ने सगळ्या हेडिंगची यादी येते. मी कुठे आहे हे कळायला हेडिंगइतकी चांगली खूण नाही. शिफ्ट-एच दाबून मागचं हेडिंग ऐकलं की कोणत्या प्रकरणात आहोत ते कळतं. पण थांबा. शिफ्ट-एच दाबलं की कर्सरही त्या हेडिंगवर जातो, आणि तुमची ओळ गेली. म्हणून आधी खूण करा, मग विचारा. किंवा एनव्हीडीए आणि डिलीट दाबा, पूर्ण कीबोर्डवर नंबर पॅडचं डिलीट. त्याने कर्सर न हलता ठिकाण सांगितलं जातं: वर्डमध्ये पान आणि त्यावरची जागा, वेबपेजवर साधारण टक्केवारी.

वाचता वाचता दुसरीकडे डोकावून परत यायचं असेल, तर एनव्हीडीएमध्ये मोठ्या कामाची एक सोय आहे. एनव्हीडीए-एफ९ दाबलं की आहात त्या जागेवर खूण बसते. ती खरं तर मजकूर कॉपी करण्याची सुरुवात म्हणून आहे. मग कुठेही भटका, व्याख्या बघा, अनुसूची बघा. परत यायला एनव्हीडीए-शिफ्ट-एफ९. याने रिव्ह्यू कर्सर, म्हणजे वाचनाचा कर्सर न हलवता मजकूर बघण्याचा एनव्हीडीएचा वेगळा कर्सर, खुणेवर येतो. वाचनाचा कर्सरही तिथे आणायला एनव्हीडीए-शिफ्ट आणि नंबर पॅडचं वजा हे बटण लागोपाठ दोनदा दाबायचं. लॅपटॉप मांडणीत वजाच्या जागी बॅकस्पेस. खूण एकच राहते आणि फाइल बंद झाली की जाते, त्यामुळे ती रात्रभर टिकेल असं धरून चालू नका. कायमच्या खुणा हव्यात तर एनव्हीडीएसाठी प्लेस मार्कर्स नावाचं मोफत ॲड-ऑन आहे. जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना ही सोय आतच मिळते: के दाबलं की पुढच्या खुणेवर, कंट्रोल-शिफ्ट-के ने खुणांची यादी.

तळटीप जर लिंक असेल तर एंटर दाबून जा आणि ऑल्ट-डावा बाण दाबून परत या. हे ब्राउझरमध्ये चालतं, ॲडोबी रीडरमध्ये चालतं, वर्डमध्ये अनुक्रमणिकेतल्या लिंकवरून गेलात तर तिथेही चालतं. वेबवरच्या लांब कायद्यात अनुक्रमणिकेच्या लिंकवर एंटर दाबलं की पत्त्याच्या शेवटी बहुतेक वेळा त्या कलमाचं चिन्ह जोडलं जातं. तो पूर्ण पत्ता जागा फाइलमध्ये ठेवला तर पुढच्या वेळी पान थेट त्या कलमावर उघडतं. लॉगिन संपून पान पुन्हा लोड झालं तरी हे टिकतं.

पीडीएफचं सांगतो. ॲडोबी रीडरच्या प्रेफरन्सेसमध्ये डॉक्युमेंट्स या भागात शेवटचं दृश्य पुन्हा उघडण्याची सोय आहे. ती सगळ्या फाइलींसाठी सुरू करा. ॲक्सेसिबिलिटीच्या सेटअप असिस्टंटमध्येही शेवटच्या वाचलेल्या पानावर उघडण्याचा पर्याय मिळतो. यातून पान मिळतं, ओळ मिळत नाही. ओळीसाठी आपले शब्द. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: फाइल मोठी असली की ॲडोबी स्क्रीन रीडरला सगळी फाइल एकदम देत नाही, फक्त पडद्यावर दिसणारी पानं देतो. त्यामुळे शोध केला तर ‘सापडलं नाही’ असं उत्तर येतं, आणि शब्द तर फाइलमध्ये असतात. प्रेफरन्सेसच्या रीडिंग भागात ‘पूर्ण दस्तऐवज’ निवडलं की फाइल उघडायला वेळ लागतो, पण शोध आणि हेडिंग पूर्ण फाइलभर चालतात. शोध फसतोय अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी हे सेटिंग बघायला सांगतो.

आता तक्ता. कायद्याच्या विद्यार्थ्याने हे शांतपणे वाचावं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत सहा रकाने आहेत: कलम, अपराध, शिक्षा, दखलपात्र की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र, आणि कोणतं न्यायालय. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खालची चोरी दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. त्याच कलमात, मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी, गुन्हेगार पहिल्यांदाच दोषी आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली, तर शिक्षा सामुदायिक सेवेची आणि अपराध अदखलपात्र, जामीनपात्र. दोन्ही नोंदी लागून. म्हणजे जागा एका ओळीने घसरली तरी उत्तर उलटं होतं, आणि ऐकताना काहीच चुकल्यासारखं वाटत नाही, कारण दोन्हीकडे शब्द तेच असतात.

म्हणून तक्त्यात सलग वाचन नको. कंट्रोल-ऑल्ट आणि बाण वापरून एकेका चौकटीतून जा. ओळीत उजवीकडे जाताना रकान्याचं नाव आधी ऐकू येत असेल तर तक्ता नीट बनवलेला आहे. येत नसेल तर रकान्याचा क्रमांक ऐका: पाचवा म्हणजे जामीन. उत्तर मिळाल्यावर कंट्रोल-ऑल्ट-होम दाबून ओळीच्या पहिल्या चौकटीत परत या आणि आपण कोणत्या अपराधाच्या ओळीत होतो ते पुन्हा ऐका. कलमाची चौकट रिकामी किंवा वरच्या ओळीशी जोडलेली असू शकते, त्यामुळे दुसरा रकाना, म्हणजे अपराधाचं वर्णन, ऐकल्याशिवाय उत्तर लिहू नका. पीडीएफमध्ये तक्ता पुढच्या पानावर गेला की स्क्रीन रीडरला तो बहुधा नवा तक्ता वाटतो. ओळींचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात आणि रकान्यांची नावं गायब होतात. अशा तक्त्यात ‘सतरावी ओळ’ ही जागा म्हणून निरुपयोगी आहे. तिथेही अपराधाच्या वर्णनातले शब्दच लिहून ठेवा.

वर्गातल्या ‘पान ४७’चं उत्तर दोन ठिकाणी आहे. पहिलं शिक्षकांकडे. त्यांना सांगा, ‘सर, पानाबरोबर कलम किंवा परिच्छेदाचे पहिले चार शब्द सांगाल का?’ हे मागायला संकोच करू नका. वर्गातल्या ज्या मुलांकडे वेगळी आवृत्ती आहे त्यांचीही त्यात सोय होते. दुसरं उत्तर फाइलमध्ये आहे. ईपबमध्ये छापील पुस्तकाच्या पानांची यादी मजकुराला बांधून देता येते, त्यामुळे अक्षर लहानमोठं केलं तरी छापील ४७वं पान तिथेच राहतं. डेझी पुस्तकांतही, म्हणजे छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठीच्या डिजिटल पुस्तकांतही, हीच सोय असते. डेझी कन्सॉर्टियमचं वर्डटूईपब हे मोफत साधन वर्डच्या फाइलवरून ईपब करून देतं, पानांच्या क्रमांकांसकट. मात्र वर्डमधली पानं छापील पुस्तकाशी जुळत असतील तरच त्याचा उपयोग.

छापील पुस्तक स्कॅन करून ओसीआर केलेलं (पानाच्या चित्रातून मजकूर काढलेला) असेल तर मी वेगळं करतो. प्रत्येक छापील पानाच्या सुरुवातीला ‘पान ४७’ अशी वेगळी ओळ टाकतो आणि तिला सहाव्या पातळीचं हेडिंग लावतो. प्रकरणांना पहिली, उपप्रकरणांना दुसरी. कायद्याच्या पुस्तकात सहाव्या पातळीपर्यंत सहसा कुणी जात नाही, म्हणून ती रिकामीच असते. मग ब्राउझ मोडमध्ये ६ दाबत गेलं की छापील पानं एकामागून एक येतात, आणि शिफ्ट-६ दाबलं की आपण कोणत्या छापील पानावर आहोत ते कळतं. उद्धृत करताना तळटीपेत पान क्रमांक द्यावा लागतो, तेव्हा या कष्टाचं चीज होतं. काम मोठं आहे, त्यामुळे वर्षभर लागणाऱ्या दोन-तीन पुस्तकांसाठीच करा. त्याआधी सुगम्य पुस्तकालयात ते पुस्तक आहे का बघा. हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ मध्ये सुरू झालं, आणि छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी तिथे भारतीय भाषांतली पुस्तकं मिळतात. छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांना पुस्तकं मिळावीत यासाठीचा आंतरराष्ट्रीय मराकेश करार मंजूर करणारा भारत पहिला देश आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपला कॉपीराइट कायदा अशी सुलभ प्रत बनवायला परवानगी देतो. तेव्हा स्वतःच्या अभ्यासासाठी पुस्तक स्कॅन करताना बिचकू नका.

फोनवर गोष्ट वेगळी आहे. टॉकबॅकचा फोकस पडद्यावरच्या घटकावर असतो. पडदा बंद झाला, सूचना आली, फोन आडवा झाला की तो पहिल्या बटणावर जाऊन बसू शकतो. म्हणून लांब वाचन टॉकबॅकने ब्राउझरमध्ये करू नका. फाइल वाचनाच्या ॲपमध्ये उघडा, जसं की ॲट व्हॉइस अलाउड किंवा ईझी रीडर. ही ॲप टॉकबॅकशिवाय स्वतःच वाचून दाखवतात आणि प्रत्येक पुस्तकातली जागा वेगळी लक्षात ठेवतात. रात्री ऐकत झोप लागत असेल तर झोपेची वेळ लावता येते असं ॲप निवडा. आयफोनवर व्हॉइस ड्रीममध्ये ती सोय आहे. लॅपटॉपवर वाचलेलं फोनवर पुढे न्यायचं तर दोन्हीकडे पान जुळवत बसू नका. जागा फाइल ऑनलाइन ड्राइव्हवर ठेवा आणि शब्द शोधा.

ब्रेल डिस्प्ले, म्हणजे पडद्यावरची ओळ बोटांखाली ब्रेलमध्ये उमटवणारं यंत्र, मिळत असेल तर जरूर घ्या. ऑर्बिट रीडर २० सारख्या छोट्या यंत्रावर वीसच अक्षरं बसतात, पण आवाज थांबला, कुणी बोलायला आलं, तरी तुमची ओळ बोटांखाली तशीच असते. तक्ते आणि कलमांचे क्रमांक वाचताना कानापेक्षा बोट फार विश्वासाचं.

हे सगळं एकाच आठवड्यात लावायला जाऊ नका. या आठवड्यात जागा फाइल आणि उचलून चिकटवणं एवढंच. हात बसल्यावर एनव्हीडीए-एफ९. ॲडोबीची ती दोन सेटिंगं मात्र आजच बदला, आणि उद्या वर्गात सरांना पहिले चार शब्द मागा.